विंडोज १० गेलं, चार पीसी आणि सगळं काम मराठी डीटीपीचं. लिनक्सवर जावं का?

नारायणपेठी
नमस्कार मंडळी. नारायण पेठेत छोटं डीटीपीचं ऑफिस आहे, वडिलांनी सुरू केलेलं. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, निवडणूक आली की हँडबिलं, आणि मधूनच एखादा कवितासंग्रह (कवी स्वतः पैसे देतो म्हणून होतो). चार पीसी आहेत, सगळे चौथ्या ते सहाव्या पिढीतले इंटेल, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकून घेतल्यात आणि काम अगदी व्यवस्थित चालतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. नेहमीचा कॉम्प्युटरवाला म्हणतो चारही बदला, नाहीतर मी जुगाड करून ११ टाकून देतो, ऑफिस-बिफिस सगळं ॲक्टिवेट करून. ते ॲक्टिवेट म्हणजे चोरीचं, ते तुम्हाला माहितीये.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट आहे, व्हायरस नाही, जुन्या मशिनवर पळतं. मग मी रात्री बसून वाचायला घेतलं तर डोकंच फिरलं. स्नॅप वाईट, सिस्टमडी वाईट, वेलँड अर्धवट, एक्स११ मेलं, उबंटूवाले बिघडले, रेड हॅटने दगा दिला, आणि हे सगळं लिनक्सवालेच लिनक्सवाल्यांबद्दल बोलतायत! जे लोक आपापसात एवढं भांडतात त्यांच्या भरवशावर मी धंदा टाकायचा का, हा माझा खरा प्रश्न.

बाकी व्यवहाराचे प्रश्न असे की मराठी टायपिंगचं काय (एक मुलगी इनस्क्रिप्ट कीबोर्डवाली आणि एक जुने काका, टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर डोळे मिटून टाइप करतात), वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या फाइल्सचं काय, प्रिंटरचं काय, आणि पाच वर्षांनी हे असेल का? "विंडोज वापरणारे गुलाम" असले रिप्लाय कृपया नकोत, सकाळी सातला प्रेसला फाइल द्यायची असते आमच्याकडे.

मिंटवाला_कोथरूड
दादा, भांडणावरूनच सुरू करतो कारण तुम्ही त्याला घाबरलात आणि मला तीच यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. २०११ मध्ये गनोम ३ नावाचा लिनक्सचा डेस्कटॉप आला, डेस्कटॉपचा पार चेहराच बदलून टाकला, खाली टास्कबार नाही, मेनू नाही, लोक जाम भडकले. पुढे काय झालं? काही लोकांनी जुनं गनोम २ चं कोड उचललं आणि माटे म्हणून चालू ठेवलं, मिंटवाल्यांनी (मिंट हा लिनक्सचा एक प्रकार) नवीन कोडवरच सिनॅमन उभं केलं. आज मी तुम्हाला जे टाका म्हणणार आहे तो मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप म्हणजे त्या भांडणाचंच पोर आहे. विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं तेव्हा आपण काय करू शकलो, शिव्या देऊन वाट बघत बसलो.

स्नॅपचंही तेच. उबंटू हा लिनक्सचा आणखी एक प्रकार, त्याची कंपनी कॅनॉनिकल, तिने सॉफ्टवेअर वाटायची ही नवीन पद्धत आणली, पण त्याच्या दुकानाचा सर्व्हरकडचा भाग बंद आणि फक्त त्यांच्या ताब्यात. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने क्रोमियम ब्राउझर इन्स्टॉल करायला गेलात तरी मागच्या दाराने स्नॅपच यायचं. मिंटने २०२० मध्ये सरळ सांगितलं आम्ही हे आपोआप येऊ देणार नाही, आणि नाही येऊ दिलं. ज्याला हवं त्याने स्वतःहून टाकावं.

तर मिंट २२ घ्या, सिनॅमन. उबंटू २४.०४ वर उभं आहे, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट. तुमच्या मशिनवर आरामात चालेल. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, साउंड, प्रिंटर सगळं तपासता येतं. पाच वर्षांनी असेल का विचारताय, हे सगळं मुळात ज्यावर उभं आहे ते डेबियन १९९३ पासून आहे राव.

टॅलीकर
मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करतो, लिनक्सचा शत्रू नाही, घरी एका जुन्या लॅपटॉपवर आहेसुद्धा. पण धंद्याच्या माणसाला असले सल्ले देताना जरा जपून.

तुमचं काम कशात आहे? कोरल ड्रॉ असणार, फोटोशॉप असणार. दोन्ही लिनक्सवर नाहीत. गंमत म्हणजे कोरलने १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि पुढच्या वर्षी कोरल ड्रॉ ९ लिनक्सवर आणलं होतं, मग सगळंच गुंडाळलं. का गुंडाळलं असेल, गिऱ्हाईक नव्हतं म्हणूनच ना. टॅलीसुद्धा विंडोजचीच. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवा म्हणतील लोक, चालतंही कधीकधी, पण महिनाअखेरीला अडलं तर कोणाला फोन करणार? क्लायंट सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल पाठवतो आणि "एवढं नाव बदलून द्या" म्हणतो, त्याला तुम्ही इंकस्केपचं (कोरलला फुकटचा पर्याय) तत्त्वज्ञान सांगणार का?

मोठमोठ्यांना जमलं नाही. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये ठरवलं लिनक्सवर जायचं, वर्षानुवर्षं खपून जवळपास १५ हजार पीसी नेले, आणि २०१७ मध्ये ठराव केला की परत विंडोज. तुमच्या चार पीसीला आयटी डिपार्टमेंट आहे का? भाचा आहे, आणि त्याची सेमिस्टर आहे.

आणि "सगळ्यांना कोड दिसतो म्हणून सुरक्षित" हे तर मला कोणी सांगूच नका. मार्च २०२४ चं एक्सझेड (फाइल आवळून लहान करायची, बाकीचे प्रोग्राम वापरतात ती कोडची लायब्ररी) प्रकरण आठवा. जिया टॅन नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून मदत करत राहिलं, विश्वास मिळवला आणि त्या लायब्ररीत चोरदरवाजा घालून बसलं. आज तो माणूस कोण, कुठल्या देशाचा, एक होता की दहा, कोणाला पत्ता नाही. कंपनीत निदान पगारपत्रक तरी असतं.

चक्रम_कर्नल
मिंट वगैरे ठीक आहे पण मूळ रोगावर कोणी बोलत नाही. सिस्टमडी!! एका कामाला एक छोटा प्रोग्राम ही युनिक्सची शिकवण, आणि या एका प्रकल्पाने बूट, लॉग, लॉगिन, नेटवर्क, घड्याळ सगळं गिळलं. २०१४ मध्ये डेबियनच्या टेक्निकल कमिटीत यावरूनच समसमान मतं पडली, अध्यक्षाच्या मतावर सिस्टमडीच्या बाजूने निकाल लागला, आणि त्यातून सिस्टमडी नसलेलं देवुआन फुटलं. देवुआन टाका. नाहीतर सरळ फ्रीबीएसडी, लिनक्स नव्हे, वेगळीच फुकटची सिस्टीम. आणि वेलँडचं (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, जुनी ती एक्स११) नाव काढू नका, २००८ पासून "झालंच आता" चाललंय, उबंटू २५.१० ने तर गनोमचं एक्स११ सेशनच काढून टाकलं, कोणाला विचारून?

मिंटवाला_कोथरूड
अरे माणूस लग्नपत्रिका छापतो. त्याला पीआयडी वन शी (मशिन सुरू होताना चालणारा पहिला प्रोग्राम, म्हणजे सिस्टमडी) काय देणंघेणं आहे.

चक्रम_कर्नल
आज देणंघेणं नाही म्हणूनच उद्या पर्याय उरत नाही. असो.

लॅबवाले_सर
टॅलीकर यांचे मुद्दे हवेत नाहीत, पण अर्धे सांगितलेत म्हणून लिहितो. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबचं बघतो, आमच्याकडे फेडोरा, उबंटू, विंडोज सगळी खिचडी आहे.

म्युनिकबद्दल. परत जायचा ठराव झाला हे खरं, पण ती फक्त तांत्रिक हार नव्हती, मधल्या काळात तिथलं राजकारण बदललं होतं, महापौर बदलले होते. तक्रारी होत्याच, बाहेरून येणाऱ्या वर्डच्या फाइल्स नीट उघडत नाहीत ही त्यातली मोठी, आणि ती तुम्हालाही येणार. पण २०२० मध्ये तिथे नवी आघाडी आली आणि तिने पुन्हा ओपन सोर्सला (कोड सगळ्यांना उघडा असलेल्या सॉफ्टवेअरला) प्राधान्य द्यायचं ठरवलं. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये साधारण ३० हजार सरकारी पीसी आधी लिबर ऑफिसवर (एमएस ऑफिसचा फुकटचा पर्याय) आणि मग लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं उबंटूवर आधारलेली सिस्टीम आहे, शिक्षक त्यावर शिकवतात, पोरं त्यावर शिकतात, जगबुडी झालेली नाही. कारण तिथे शिक्षकांना ट्रेनिंग दिलं आणि बिघडलं तर बघायला माणसं ठेवली. उलट बॉस लिनक्स बघा. सी-डॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यात, बॉस लिनक्स त्यांच्या चेन्नईच्या केंद्राने केलं, २००७ पासून आहे, डेबियनवर उभं आहे, भारतीय भाषा त्यात आहेत. आता तुमच्या ओळखीत ते रोज वापरणारे किती जण आहेत? सरकारने सिस्टीम काढली म्हणजे लोक वापरतात असं नसतं, शेजारी कोणीतरी वापरणारं लागतं.

माझ्या मते तुमचा खरा धोका हाच आहे. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलात तर एसएमपीएसपासून केबलपर्यंत सगळं मिळेल, विंडोज फॉरमॅट करून देणारा दर गल्लीत मिळेल, पण सकाळी सातला ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बिघडलं तर येणारा माणूस पुण्यात असूनही तुम्हाला माहीत नसेल. तो आधी शोधा, मग मशिनला हात लावा. पुण्यात लिनक्सवाल्यांचा ग्रुप फार जुना आहे, ओळख काढा.

एक्सझेडबद्दल. जिया टॅन कोण हे माहीत नाही, बरोबर. पण ते पकडलं कसं गेलं बघा. आंद्रेस फ्रॉइंड म्हणून इंजिनिअर, नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये बरं का, त्याला एसएसएच (दुरून मशिनमध्ये शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद उशीर लागतोय हे खटकलं, तो खणत गेला आणि त्याला सगळं दिसलं कारण खणायला परवानगी मागावी लागली नाही. आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मिंटवाले खूश होतील. तो चोरदरवाजा सुरू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या रेपोत, म्हणजे साठ्यात, नव्हताच, रिलीजच्या गठ्ठ्यात वेगळा घातला होता. म्हणजे "हजार डोळे" नुसते असून उपयोग नाही, ते नेमके कुठे बघतात हे महत्त्वाचं. आणि सगळ्या जगाचे सर्व्हर ज्या लायब्ररीवर टेकलेत ती एक थकलेला माणूस फुकटात सांभाळत होता ही ओपन सोर्सची खरी लाज आहे, कोड उघडा असण्यात नाही. तुमच्या दृष्टीने एवढंच की डेबियन स्टेबलपर्यंत ते पोहोचलंच नाही, ताज्या टेस्टिंगवाल्यांपर्यंत पोहोचलं. धंद्यात जुनी, सावकाश चालणारी आवृत्ती घ्यावी ती याचसाठी.

कंपनीत पगारपत्रक असतं म्हणता, पण जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशिन निळी पडली, तिथेही पगारपत्रक होतंच.

टॅलीकर
क्राउडस्ट्राइक म्हणजे विंडोज नाही, वरचं सॉफ्टवेअर होतं. पण ठीक आहे, मुद्दा पोचला.

इनस्क्रिप्टवाली
सगळे ऑपरेटिंग सिस्टीमवर बोलतायत आणि दादांचा खरा खोडा तिथे नाहीच. मी आधी डीटीपी केलंय आणि नंतर बरीच वर्षं भाषांतर-लोकलायझेशनमध्ये, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या वीस-पंचवीस वर्षांच्या फाइल्स उघडून बघा. त्यात मराठी नाहीये. जुन्या फॉन्टच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. म्हणून तो फॉन्ट काढला की पानभर चिन्हांचा कचरा दिसतो. या फाइल्सना तुम्हाला विंडोजने बांधलेलं नाही, त्या फॉन्टने आणि त्याच्या डाँगलने (ते मशिनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असं कुलूप) बांधलंय. विंडोज ११ घेतलंत, नवीन मशिन घेतलीत, तरी ती गाठ सुटत नाही, उलट त्या जुन्या सॉफ्टवेअरचं नवीन विंडोजवर काय होईल हा वेगळाच प्रश्न. म्हणजे हे काम तुम्हाला लिनक्सवर गेलात तरी आहे, नाही गेलात तरी आहे.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक असायची आजची पद्धत) नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टात दिसतं तसं साठवलं जातं, म्हणजे "कि" ला आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट, "धर्म" मध्ये जुन्या फॉन्टात म झाल्यावर रफार, युनिकोडमध्ये म च्या आधी र्. कन्व्हर्टर ही उलथापालथ करतो आणि जोडाक्षर लांबलचक आलं की गडबडतो. "वैशिष्ट्य", "वर्तिका", "कीर्ती", "ऱ्हास" असले शब्द असलेलं एक पान घ्या आणि ते तपासा, ते नीट आलं तर बाकीचं बहुतेक नीट येतं. सगळ्या फाइल्स करत बसू नका, दरवर्षी परत येणारी गिऱ्हाइकं कोण तेवढ्याच करा (वार्षिक अहवालवाल्या संस्था, देवस्थानं), बाकीच्यांचं पीडीएफ करून ठेवून द्या.

आता लिनक्सवर मराठी कसं दिसतं. इथे मात्र मी ठामपणे सांगेन की उत्तम दिसतं, आणि ते फुकटात कोणीतरी आपल्यासाठी राबलंय म्हणून. अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं, तेच क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडमध्ये आणि लिबर ऑफिसमध्ये आहे. म्हणजे तुमच्या फोनवर मराठी नीट दिसतं ते ज्या कोडमुळे, तेच. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून भारतीय भाषांचं खूप काम झालंय, लोहित फॉन्ट त्यांचेच. आज चक्रमभाऊ रेड हॅटला शिव्या घालतील, २०२३ मध्ये त्यांनी सोर्स कोड देण्यावर बंधनं आणली ते मलाही आवडलेलं नाही, पण लोहितचं लायसन्स उघडं आहे, ते आता कोणी परत घेऊ शकत नाही. ओपन सोर्सचा फायदा मला विचाराल तर मी हाच सांगेन. कंपनी चांगली राहिली पाहिजे अशी अटच नाही.

फॉन्ट म्हणाल तर मजकुराला मुक्त, नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी. हँडबिलाला बलू २ एकदम ठसठशीत. यात्रा वन मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, स्मरणिकेच्या मथळ्याला छान दिसतो. लग्नपत्रिकेचे नाजूक वळणदार फॉन्ट मात्र कमी आहेत हे आधीच सांगते, ते विकतच घ्यावे लागतील, युनिकोड ओपनटाइप मागा म्हणजे कुठेही चालतील. आणि लिबर ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी लावा, हिंदी ठेवलीत तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्याकडचे ज्येष्ठ गिऱ्हाईक हे बरोब्बर पकडतात आणि मग कामाचे पैसे देताना कुरकुर करतात.

पान लावायला स्क्रायबस. पूर्वी त्यात देवनागरी मोडायची म्हणून मी नाव काढत नव्हते, पण १.५ च्या मालिकेत जुळणी बदलली आणि २०२४ च्या जानेवारीत १.६ स्टेबल आलं. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि प्रेसला चालणारं पीडीएफ नीट देतं. इंकस्केप चित्राला चांगलं, पण छपाईच्या रंगांना कच्चं. कोरलच्या जुन्या सीडीआर लिबर ऑफिस ड्रॉ आणि इंकस्केपमध्ये बऱ्यापैकी उघडतात, नव्या आवृत्तीच्या उघडतील याची खात्री नाही. पेजमेकरच्या फाइल्ससुद्धा लिबर ऑफिस उघडतं, हे फार लोकांना माहीत नाही. फॉन्ट अर्थात जुनाच लागेल.

नारायणपेठी
ताई, हे मला इतक्या वर्षांत कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सगळं जुन्या फॉन्टातच आहे. डाँगलही आहे, दोन फॉन्टांचे दोन वेगळे, एक यूएसबी आणि एक तो जुना, पिनांचा, प्रिंटरच्या पोर्टाला लावायचा. आणि रेमिंग्टनवाल्या काकांचं राहिलं. वय त्रेसष्ट, स्पीड असा की इनस्क्रिप्टवाली मुलगी बघत बसते. त्यांना म्हणलं नवीन कीबोर्ड शिका तर उद्यापासून यायचे नाहीत.

प्रिंटर दोन आहेत, एक मोठ्या कंपनीचा मल्टीफंक्शन आणि एक छोटा लेझर, जो पुण्यातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे असतो तो.

इनस्क्रिप्टवाली
काकांना काही शिकवू नका. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सॉफ्टवेअरं) टाका, त्यात इनस्क्रिप्ट, फोनेटिक आहेत, गमभनसुद्धा आहे. रेमिंग्टन हिंदीच्या यादीत नक्की सापडेल. काकांच्या बोटांना चार-दोन कळा वेगळ्या लागतील, ळ किंवा ॲ कुठेतरी भलतीकडे असेल. तर त्या कीबोर्डची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, उघडायची, कुठल्या कळेला कुठलं अक्षर ते बदलायचं, सेव्ह. भाचा तासाभरात करेल. काकांना शेजारी बसवा आणि ते म्हणतील तसं करून घ्या. एका माणसाच्या सवयीप्रमाणे कीबोर्ड कुठली कंपनी बदलून देणार आहे?

आणि चक्रमभाऊंना राग येईल पण वेलँडच्या नादी आत्ता लागू नका. मिंट २२ सिनॅमन एक्स११ वरच चालतं, वेलँड त्यात अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि भाषांच्या इनपुटचे घोळ अशा प्रयोगातच होतात.

चक्रम_कर्नल
राग कसला, मी पण तेच म्हणत होतो की!

लॅबवाले_सर
पिनांचं डाँगल व्हर्च्युअल मशिनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेलं विंडोज) चालवायच्या भानगडीत पडू नका. यूएसबीवालं व्हर्च्युअल बॉक्समध्ये दाखवता येतं, ते करून बघायला हरकत नाही. पिनांसाठी एक जुना पीसी आहे तसा विंडोज १० वर ठेवा आणि त्याची नेटची केबल काढा, वायफाय काढा. फाइल पेनड्राइव्हने. सपोर्ट संपलेली सिस्टीम नेटवर नसेल तर धोका पेनड्राइव्हपुरताच राहतो, तो आधी लिनक्सवर उघडून बघायचा.

मल्टीफंक्शन बहुधा लगेच सापडेल, आजकाल नेटवर्कवरचे बरेचसे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. तो छोटा लेझर मात्र डोकं खातो. आमच्या लॅबमध्ये तो एका विंडोज मशिनला लावून शेअर केलाय आणि विषय संपवलाय.

टॅलीकर
मग हिशोब असा झाला की एक जुनं विंडोज डाँगलला, एक विंडोज छोट्या प्रिंटरला, कोरलला एक विंडोज. उरलं काय?

मिंटवाला_कोथरूड
प्रिंटर आणि कोरल एकाच विंडोजवर, मग उरले ते दोन पीसी, ज्यांच्यावर दिवसभराचं टायपिंग, प्रूफ, मेल, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ होतं. म्हणजे बहुतेक काम. आणि त्या दोघांना तुमच्या कॉम्प्युटरवाल्याच्या "ॲक्टिवेट" मधून काय येईल त्याची भीती नाही. सगळं किंवा काहीच नाही असं कोणी सांगितलंय?

टॅलीकर
तुम्ही लोकांनीच सांगितलंय, गेली वीस वर्षं. "हे वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं" म्हणून. स्टॅटकाउंटरच्या आकड्यात जगभरात ४ टक्के ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. पण दोन पीसीचं म्हणणं मला पटतंय. गणेश मंडळं फुटावीत तशा डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) फुटतात आणि प्रत्येक जण म्हणतो मूळ मंडळ आमचंच, त्यात न पडता एक पावती फाडायची आणि गप कामाला लागायचं असं असेल तर माझी हरकत नाही.

नारायणपेठी
ठरवलंय ते लिहितो. टायपिंगच्या दोन पीसीवर मिंट. पिनांच्या डाँगलवाला जसा आहे तसा, केबल काढून. चौथा विकायचा आणि त्याजागी एक नवीन, विंडोज ११ आणि कोरल दोन्ही लायसन्सचं, बिल घेऊन, छोटा लेझर त्यालाच लावून शेअर. चार नवीन घ्यायच्या ऐवजी एक, म्हणजे कोरलचे पैसे त्यातूनच निघतील. कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं तर म्हणाला लिनक्स टाकलंत तर मी बघणार नाही. म्हणलं बघू नका. लॅबवाले सर, ग्रुपमधल्या एकाशी भाच्याने बोलणं केलंय, ते शनिवार पेठेतच राहतात निघाले, चालत पाच मिनिटं.

दरवर्षी येणाऱ्या संस्थांची यादी काढली, ताई म्हणाल्या तशी. पहिला अहवाल कन्व्हर्ट करून बघितला तर "कार्यकारिणी" सगळीकडे वेगवेगळी आलीय.

एकच शेवटचं. मिंट उतरवायचं कुठून? मागे कधीतरी त्यांची साइटच हॅक झाली होती असं कुठेतरी वाचलं.

मिंटवाला_कोथरूड
झाली होती, फेब्रुवारी २०१६ मध्ये. १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) ठेवली होती, त्यांनी स्वतःच लगेच जाहीर केलं. त्यामुळे उतरवल्यावर शा२५६ ची बेरीज (फाइलवरून निघणारा तपासणीचा आकडा) जुळवून बघायचीच, आणि बेरजेच्या फाइलवर सही असते तीही तपासायची. नुसती बेरीज पुरत नाही, ज्याने आयएसओ बदलली तो शेजारचा आकडाही बदलू शकतो. साइटवरच पायऱ्या दिल्यात, भाच्याला सांगा. मिररमध्ये (त्याच फाइलची प्रत ठेवणारे सर्व्हर) भारतातला निवडा, लवकर उतरेल.

इनस्क्रिप्टवाली
"कार्यकारिणी" चं दुरुस्त करायला एकेक शोधत बसू नका. जितक्या चुकीच्या तऱ्हा आल्यात तेवढ्या एकदा लिहून काढा, लिबर ऑफिसमध्ये शोधा-बदला लावा, आणि ती यादी जपून ठेवा. पुढच्या अहवालातही त्याच चुका, त्याच जागी येणार. प्रेसला पीडीएफ देताना फॉन्ट आत घातलेत ना ते बघा, आणि पहिलं काम देताना एक छापील प्रूफ मागून घ्या.